रणगाडा मळवायचा कसा

उसाचा हंगाम सुरू झाला की गगनबावडा रस्त्याला पाच मिनिटं थांबा आणि कारखान्याकडं निघालेला एखादा ट्रॅक्टर वरपासून खालपर्यंत बघा. बॉनेटवर धूळ आहे, पण ती सपाट भागावर. उभ्या पत्र्यावर जवळजवळ नाही. मडगार्डच्या आतल्या अंगाला चिखलाचे तीन थर आहेत: सगळ्यात जुना पांढुरका आणि भेगाळलेला, मधला तपकिरी, वरचा अजून ओला. चाकाच्या हबभोवती ग्रीस लागून धूळ काळी पडलीय. डिझेलच्या झाकणाखाली ओघळ आहे आणि त्याला बारीक भुसा चिकटलाय. ड्रायव्हर जिथं पाय ठेवून चढतो तिथला रंग गेलाय, पण तिथं गंज नाही. लोखंड चकाकतंय, कारण रोज पाय घासतो. ट्रॉलीच्या हुकाचंही तेच.

मॉडेलच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या प्रतिकृतीच्या, रणगाड्यावर बहुतेक वेळा याच्या उलट दिसतं. सगळीकडं एकसारखा तपकिरी रंग, अंगण सारवावं तसा. वेदरिंग, म्हणजे मॉडेल मळकं-वापरलेलं दाखवणं, फसतं ते हात बारीक चालत नाही म्हणून कमी, आणि डाग कशानं पडला याचा विचार न केल्यानं जास्त. म्हणून खाली जे जे दिलंय त्यात आधी कारण, मग कृती.

गाव आणि महिना आधी ठरवा

ब्रश हातात घेण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहा: रणगाडा कुठं आहे आणि महिना कोणता. मातीचा रंग त्यावरनं ठरतो. घराजवळची माती फुकट मिळते म्हणून ती कुठल्याही रणगाड्याला फासली तर जाणकार माणूस लांबूनच ओळखतो.

पन्हाळा, शाहूवाडीकडची तांबडी माती व्हिएतनाममधल्या अमेरिकन पॅटन रणगाड्याला शोभते. शिरोळची काळी माती युक्रेनच्या काळ्या मातीत रुतलेल्या सोव्हिएत टी-३४ रणगाड्याला चालते. डिसेंबर १९७१ च्या राजस्थानातल्या लोंगेवालाच्या लढाईला यातली एकही चालत नाही. तिथं फिकट पिवळी वाळू आणि चिखल औषधालाही नाही.

या लेखात उदाहरण घेतलंय १/३५ प्रमाणातल्या (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या) भारतीय सेंच्युरियन रणगाड्याचं: भारत-पाक युद्धातली असल उत्तरची लढाई, पंजाबातला खेमकरण भाग, ८ ते १० सप्टेंबर १९६५. निवडीचं कारण कोल्हापूरकराला पटेल. ही लढाई उभ्या उसात झाली. शेतांत पाणी सोडलं होतं, पाकिस्तानी पॅटन त्या चिखलात रुतले आणि आपले सेंच्युरियन उसाच्या आडोशानं थांबले होते. पाणी दिलेल्या उसातला चिखल कसा चिकटतो हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. फक्त रंग आपला नाही. पंजाबची गाळाची माती वाळल्यावर फिकट करडी-पिवळसर आणि भिजल्यावर गडद करडी-तपकिरी दिसते. तांबूस छटा अजिबात नको.

एक हिशेब कायम डोक्यात ठेवा. १/३५ मध्ये १ मिमी म्हणजे खरे साडेतीन सेंटिमीटर. चाळणीतून सुटलेला १ मिमीचा खडा मॉडेलवर लिंबाएवढा धोंडा होतो. आणि रंगाचा १ मिमीचा टवका म्हणजे मोठ्या नाण्यापेक्षाही मोठी जागा उघडी पडलेली.

खरा रणगाडा जवळून बघायचा तर अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. ओतीव पोलादाचा खडबडीतपणा, वेल्डिंगच्या रेघा, ट्रॅकच्या (चाकांवरच्या लोखंडी साखळपट्ट्याच्या) कड्यांची जाडी तिथं नीट बघून घ्या. मळ मात्र तिथं शिकू नका; प्रदर्शनातले रणगाडे रंगवून ठेवलेले असतात. मळ शिकायला ट्रॅक्टर आणि जेसीबी.

सामान

परदेशी कंपन्यांच्या तयार पिगमेंटच्या (रंगाच्या कोरड्या पुडीच्या) बाटल्या चांगल्या असतात, पण महाग पडतात, आणि त्यातलं निम्मं काम इथल्या बाजारात होतं.

शाडू सगळ्यात महत्त्वाची. कोल्हापुरात शाहूपुरी, गंगावेश, बापट कॅम्पातल्या कुंभारांकडं गणपतीच्या आधी दोन-तीन महिने ती असतेच. पाव किलो घेतली तर दहा रणगाडे होतील. रंग फिकट करडा, कण अत्यंत बारीक. वाळलेल्या गाळाच्या मातीची धूळ म्हणून याहून सरस काही मिळणार नाही. रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानातून पिवडी, काव आणि काळा ऑक्साईड शंभर-शंभर ग्रॅम घ्या. फरशीच्या सिमेंटमध्ये घालायचा लाल ऑक्साईड आणि काव यांचा रंग फार जोरकस असतो. चमचाभर शाडूत चिमटीच्या वर गेला की सगळं मिश्रण विटकरी होतं आणि मागं आणता येत नाही.

ट्यूबमधले ऑईल कलर पाच पुरतात: बर्न्ट अंबर, रॉ अंबर, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, टायटॅनियम व्हाईट. काळा वेगळा घेऊ नका. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे ते लवकर सुकतं. काळा मात्र दिवसेंदिवस ओला राहतो आणि पावसाळ्यात तर विचारूच नका.

पातळ करायला टर्पेंटाईन. सुट्टं घेतलं तर आधी एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून रात्रभर ठेवा. सकाळी तेलकट वर्तुळ राहिलं असेल तर ते ब्रश धुवायला ठेवा, मॉडेलला लावू नका. गॅरेजात स्प्रे पेंटिंगला वापरतात तो एनसी थिनर चुकूनही नको. प्लॅस्टिक पॉलिस्टायरिनचं असतं, एनसी थिनर त्याला विरघळवतो. रंगाखालचा भाग मऊ पडून बोटाचा ठसा उमटतो. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात, म्हणून नावं मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा.

बाकी किरकोळ: ३/० आणि ० नंबरचे गोल ब्रश, ४ नंबरचा चपटा ब्रश, एक जुना ताठ केसांचा ब्रश, किटच्या पॅकिंगमधला फोम, टूथपिक, ६बी पेन्सिल, केमिस्टकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, ॲक्रिलिक मॅट मीडियम, आणि एन-९५ मास्क. मास्क शोभेला नाही. शाडू आणि ऑक्साईडची धूळ नाकात जाण्याइतकी बारीक आहे.

दोन गोष्टी आणू नका. तालमीतली माती मऊ, तांबडी, हाताला छान लागते, पण तिच्यात तेल, हळद, ताक घातलेलं असतं. ती मॉडेलला धरत नाही आणि काही महिन्यांत वास मारते. दुसरी, फाउंड्रीतली जळकी वाळू: कण मोठे, रंग काळा, आणि तिची धूळ फुप्फुसाला वाईट. शिरोलीच्या फाउंड्रीत कुणी ओळखीचं असेल तर साच्याला लावतात ती ग्रॅफाईट पावडर मात्र चमचाभर जरूर मागा.

पाया

मूळ रंग ॲक्रिलिकचा असावा आणि ठरवलेल्या रंगापेक्षा एक छटा फिका असावा. पुढचा प्रत्येक थर त्याला गडद करतो. ऑलिव्ह ग्रीनच्या दहा थेंबांत एक थेंब पिवळसर पांढरा पुरतो. रंग दोन दिवस सुकू द्या, मग ग्लॉस वार्निशचे दोन पातळ हात, त्यावर डिकल (चिकटवायची चिन्हं आणि नंबर), पुन्हा एक हात. ग्लॉस कशासाठी? गुळगुळीत पृष्ठभागावर वॉश, म्हणजे टर्पेंटाईननं अगदी पातळ केलेला ऑईल कलर, रेघेतून आपोआप पळतो. मॅटवर तो जागच्या जागी शोषला जातो आणि डाग पडतो, जो नंतर निघत नाही.

कोल्हापुरात खरी अडचण जून ते सप्टेंबर. हवा इतकी दमट असते की लॅकर वार्निश मारताच पांढुरकी साय येते. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि वार्निशमध्ये अडकते. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल तर लॅकर मारूच नका. पाण्यावर चालणारं ॲक्रिलिक वार्निश वापरा आणि सुकायला दुप्पट वेळ द्या. साय आलीच तर खरवडू नका. कोरड्या दिवशी त्याच वार्निशचा अगदी हलका हात मारा. खालचा थर मऊ होऊन अडकलेला ओलावा सुटतो आणि बहुतेक साय जाते.

सुकवायला पुठ्ठ्याच्या खोक्यात ४० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब लावून चालतं. बल्ब पुठ्ठ्याला टेकू देऊ नका आणि आत साधा थर्मामीटर ठेवा. चाळीस अंशांच्या वर गेलं तर झाकण उघडं करा, नाहीतर बंदुकीची नळी वाकलेली मिळेल.

टवके

टवके वॉशच्या आधी. नंतर केले तर ते ताजे, वर चिकटवल्यासारखे दिसतात. आधी केले तर वॉश त्यांच्यावरून जाऊन त्यांना मुरवतो.

रंग: काळा दोन भाग, बर्न्ट अंबर तीन भाग, ॲक्रिलिकच. नुसता काळा घेतला तर टवका भोकासारखा दिसतो. फोमचा नखाएवढा तुकडा कापू नका, फाडा. कापलेली कड सरळ ठसा उठवते. तुकडा रंगात टेकवा, मग कागदावर आठ-दहा वेळा दाबा. कागदावर जेमतेम ठिपके उमटायला लागले की मॉडेलला टेकवा.

कुठं? हॅचच्या (आत उतरायच्या झाकणांच्या) कडा, चालक आणि तोफेची माणसं जिथून चढतात ती वाट, अवजारांच्या पट्ट्या, ओढायचे हुक, बाजूच्या पत्र्यांची खालची आणि पुढची कड. बुरुजाच्या बाजूच्या मधोमध टवका यायला काही कारण नाही. हात सुटला की सगळीकडं टवके पडतात, आणि मग रणगाडा भंगारातला वाटतो. तीन दिवसांच्या लढाईत रणगाडा गंजत नाही, तो मळतो. सेंच्युरियनच्या जाड चिलखतावर नारिंगी गंज दाखवू नका. गंज दाखवायचाच तर मागच्या मडगार्डांवरच्या सायलेन्सरवर, कारण तिथला पत्रा पातळ आणि तापणारा. त्यासाठी काव आणि बर्न्ट सिएना टर्पेंटाईनमध्ये कालवून ब्रशच्या टोकानं टोचत लावा, घासून नव्हे.

हेअरस्प्रेची पद्धत (दोन रंगांच्या मधे हेअरस्प्रे मारून वरचा रंग पाण्यानं काढायची) इथं लागत नाही. पांढऱ्या धुवट रंगाच्या हिवाळी रणगाड्याला ती उत्तम, पण त्यातही वरचा रंग मारल्यावर तासाभरात कोमट पाण्यानं काम उरकायचं. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलं तर रंग हलत नाही, आणि जाड मारला असेल तर पापुद्र्यानं सुटतो.

वॉश, ओघळ, ठिपके

ऑईल कलर ट्यूबमधून थेट वापरू नका. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर वाटाण्याएवढा काढून दोन तास ठेवा. पुठ्ठा जवसाचं तेल शोषून घेतो. तेल राहिलं तर वॉश चकाकतो आणि आठवडाभर चिकट राहतो.

मग एक भाग रंगाला दहा भाग टर्पेंटाईन. ऑलिव्ह ग्रीनवर बर्न्ट अंबरमध्ये रॉ अंबर निम्मा मिसळून घ्या. ० नंबरचा ब्रश भरा, रुमालावर टेकवा आणि फक्त कोपऱ्याला, बोल्टच्या मुळाशी, वेल्डच्या रेघेला स्पर्श करा. वॉश रेघेतून स्वतः पळेल. पळाला नाही तर एकतर ग्लॉस नीट बसलेलं नाही किंवा वॉश जाड आहे. वीस मिनिटं थांबा, मग चपटा ब्रश टर्पेंटाईनमध्ये बुडवून जवळजवळ कोरडा करा आणि रेघेबाहेर सांडलेला रंग वरून खाली ओढत पुसा. आडवं पुसलं की पावसाचं पाणी आडवं वाहिल्यासारखं दिसतं.

टर्पेंटाईन साचू देऊ नका. चाकांच्या दांड्यांना, घट्ट दाबून बसवलेल्या जोडांना ताण असतो. तिथं टर्पेंटाईन मुरलं तर रंग न लागलेलं प्लॅस्टिक केसाएवढ्या भेगांनी तडकतं. दोन दिवसांनी चाक हातात येतं आणि कळत नाही कशानं आलं.

वॉश सुकला की सगळ्यावर मॅट वार्निशचा एक हात. मग ठिपके. यलो ऑकर, पांढरा आणि रॉ अंबरचे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके एका पट्ट्यावर विखरून टाका, एका वेळी एकाच पत्र्यावर, जास्तीत जास्त सात-आठ. ओलसर चपट्या ब्रशनं खाली ओढत ओढत जवळजवळ नाहीसे करा. उन्हानं फिका पडलेला, पाण्यानं डागाळलेला रंग असा येतो. वरच्या सपाट भागांवर पांढरा आणि ऑकर जास्त, खाली अंबर जास्त. ओघळ याच पद्धतीनं, पण एका ठिपक्याची एक बारीक रेघ. ती नेहमी कशाच्या तरी खालून सुरू व्हावी, बोल्ट किंवा कड. मोकळ्या पत्र्यावर मधूनच उगवलेला ओघळ खोटा.

धूळ

शाडू चार भाग, पिवडी एक भाग, काळ्या ऑक्साईडची नखभर चिमूट. बाटलीत घालून हलवा. ही कोरडी माती. निम्मी बाजूला काढून तिच्यात बर्न्ट अंबरच्या रंगाची पिगमेंट किंवा आणखी थोडा काळा ऑक्साईड घाला. ती ओल्या मातीची. दोन्ही आधी कागदावर मॅट मीडियममध्ये कालवून, वाळवून बघा. ओल्यात जो रंग दिसतो त्यापेक्षा वाळल्यावर कितीतरी फिका होतो, आणि नवशिक्यांचा सगळ्यात जास्त माल इथंच वाया जातो.

कोरडी पूड मऊ ब्रशनं सपाट भागांच्या कोपऱ्यांत, अवजारांच्या खाली, हॅचच्या बिजागरीजवळ टाका. मधला भाग मोकळा ठेवा; तिथं माणसं पाय देतात. मग ब्रशमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा टर्पेंटाईन घेऊन पुडीच्या शेजारी टेकवा. पुडीवर ब्रश ठेवायचा नाही, ती ब्रशला चिकटून निघते. द्रव आपोआप पुडीत शिरतो. सुकताना कडेला गोल वळ उठला तर त्या कडेवर पुन्हा थोडा द्रव लावून कोरड्या ब्रशनं बाहेरच्या बाजूला पुसून टाका.

धूळ पक्की करायला वरून वार्निश फवारू नका. निम्मी धूळ त्यात गडप होते आणि उरलेली काळवंडते. हात लागणार नाही अशा जागी धूळ नुसती बसलेली राहिली तरी चालतं.

चिखल

खेमकरणच्या रणगाड्याचं खरं काम इथं आहे, त्यामुळे घाई नको. आधी उंची ठरवा. सेंच्युरियनचं पोट जमिनीपासून साधारण अर्धा मीटर, म्हणजे मॉडेलवर १४ मिमी. पाणी दिलेल्या शेतातून गेलेल्या रणगाड्याला पोटापर्यंत दाट चिखल, त्याच्या वर शिंतोडे, आणि बुरुजावर फक्त माणसांच्या बुटांचा. बुरुजाच्या बाजूला चिखलाचा गोळा असेल तर तो तिथं कसा पोचला हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

माती तयार करून ठेवा. टेक्स्चरसाठी कुठलीही बारीक माती चालते, कारण रंग शाडू-पिवडीचा चढणार आहे. ती जुन्या लोखंडी तव्यावर मंद आचेवर अर्धा तास परता. ओलावा जातो आणि बुरशीचे बीज मरतात. मग आधी चहाची गाळणी आणि नंतर मलमलच्या दुहेरी कापडातून चाळा. कापडातून खाली आलेली तेवढीच घ्यायची.

एका रणगाड्यासाठी दाट मिश्रण: धुळीसाठी केलेल्या मिश्रणातली ओल्या मातीची पूड २ चहाचे चमचे, चाळलेली माती १ चमचा, प्लास्टर ऑफ पॅरिस अर्धा चमचा, मॅट मीडियम २ चमचे, पाणी थेंबाथेंबानं. पिठल्याइतकं दाट झालं की थांबा. प्लास्टर का? शाडू ही चिकणमाती, ती वाळताना आकसते आणि नुसती लावली तर रणगाड्यावर तळ्याच्या तळासारख्या रुंद भेगा पडतात. प्लास्टर ते आकसणं कमी करतं. पण ते घातल्यावर दहा-पंधरा मिनिटांतच काम करायचं, आणि त्यानं रंग फिका होतो हे धरून पूड थोडी गडद ठेवायची. मॅट मीडियम नसेल तर फेव्हिकॉल एक भागाला पाणी तीन भाग. चालतं, पण वाळल्यावर किंचित चकाकी राहते आणि त्यावर पुन्हा कोरडी पूड टेकवावी लागते.

तीन थर, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बघितले तसे.

पहिला जुना थर. पोटाच्या बाजूला, चाकांच्या मागं, बाजूच्या पत्र्यांच्या आतून. पातळ मॅट मीडियम लावा आणि ओलं असतानाच कोरड्या मातीची पूड टेकवा. फिकट, कोरडा, खरखरीत दिसला पाहिजे. एक दिवस सुकू द्या.

दुसरा, दाट मिश्रणाचा. जुन्या ताठ ब्रशनं टोचत लावा. ओढून लावलं की केसांच्या रेघा उमटतात. एका वेळी दीड मिमीपेक्षा जाड नको. जास्त हवा असेल तर सुकल्यावर दुसरा हात. चाकांच्या मधल्या सस्पेंशनच्या कोनाड्यांत आणि मागच्या स्प्रॉकेटच्या (ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या) दातांच्या मुळाशी भरा. सेंच्युरियनला ओढणारं स्प्रॉकेट मागं असतं, त्यामुळे मागचा भाग पुढच्यापेक्षा जास्त चिखलानं भरलेला असतो. पुढच्या मडगार्डवर मात्र खालून उडालेला आणि वर पडलेला चिखल, तो ढेकळांत.

चाकांकडं जरा जास्त लक्ष द्या. चिखल चाकाच्या चकतीवर कडेकडेनं साचतो, हबजवळ कमी आणि तोही ग्रीसनं काळवंडलेला. शिंतोडे मध्यापासून बाहेरच्या दिशेनं, कारण चाक फिरतं. रबराच्या धावेवर, जी ट्रॅकला घासते, चिखल राहत नाही. ओल्या ब्रशनं ती पट्टी पुसून काळी करून घ्या. ही एवढी एक पट्टी पुसल्यानं चाक फिरणारं वाटायला लागतं.

शिंतोड्यांना मिश्रण ताकाइतकं पातळ करा. ताठ ब्रश भरा, मॉडेलपासून चार-पाच सेंटिमीटरवर धरा आणि टूथपिकवर ब्रशचे केस ओढून सोडा. आधी कागदावर. पहिला फटका नेहमी मोठे थेंब टाकतो, तो कागदालाच द्या. वरचा भाग कागद आणि मास्किंग टेपनं झाका. बाजूच्या पत्र्यांवर शिंतोडे खालच्या तिसऱ्या हिश्शात दाट, वर विरळ, आणि मागच्या दिशेनं झुकलेले. चुकीचा थेंब पडला तर सुकायच्या आत ओल्या इअरबडनं टिपा.

तिसरा, ओला थर. वाटाण्याएवढा रॉ अंबर, तेवढंच ग्लॉस वार्निश, थोडं टर्पेंटाईन. हे लावायचं एकूण चिखलाच्या चौथ्या हिश्शावर, फार तर. सगळ्यात खाली, चाकांच्या मधे, ट्रॅकच्या खोबणीत. सगळा चिखल चकाकवला तर तो चॉकलेट ओतल्यासारखा दिसतो. ओला आणि वाळलेला यांच्यामधला पट्टा चपट्या ब्रशनं विरघळवून द्या. ओलाव्याची कड कधीही रेघेसारखी नसते.

उसाचं पाचट राहिलं. खरं पान साधारण सव्वा ते दीड मीटर लांब आणि चार-पाच सेंटिमीटर रुंद, म्हणजे मॉडेलवर ४ सेंमी लांब आणि १.३ मिमी रुंद. खरं पाचट कापून लावू नका, त्याची जाडी आणि शिरा या प्रमाणात फार मोठ्या दिसतात. ट्रेसिंग पेपर चहात भिजवून वाळवा, ब्लेडनं पट्ट्या काढा, दोन्ही टोकं निमुळती करा आणि नखानं मधोमध हलकी घडी पाडा. सहा-सात पानं पुरे: दोन-तीन ओल्या चिखलात अर्धी बुडालेली, एखादं स्प्रॉकेटमध्ये गुंडाळलेलं, एखादं इंजिनाच्या झाकणावर. सप्टेंबरातला ऊस उभा आणि हिरवा, म्हणून निम्मी पानं हिरवट रंगवा.

ट्रॅक

ट्रॅक चिखलाच्या आधी जागेवर पक्के चिकटवा. किटमध्ये मऊ व्हिनाईलचे ट्रॅक असतील तर आधी साबणाच्या पाण्यानं धुवा. त्यावर साच्याचं तेल असतं आणि रंग सुटतो. चिखल लावून मग वाकवले तर चिखलाच्या कपच्या उडतात.

रंग गडद तपकिरी-करडा, काळा नाही. वर वॉश, मग खोबणीत दाट मिश्रण, आणि ओलं असतानाच उंचवट्यावरून बोटानं पुसून घ्या. सुकल्यावर उंचवट्यांवर, जे जमिनीला टेकतात, आणि आतल्या बाजूच्या दातांवर, जे चाकांना घासतात, ६बी पेन्सिल किंवा फाउंड्रीतली ग्रॅफाईट पावडर बोटानं चोळा. धातूची चमक येते. चंदेरी रंग वापरला तर ट्रॅक वर्खाच्या मिठाईसारखा दिसतो. ग्रॅफाईट कोरड्या मॅट पृष्ठभागावरच धरतं, आणि त्यावर वार्निश मारलं तर चमक मरते, म्हणून हे काम शेवटी.

तेल, पेट्रोल, काजळी

इथं बरेच जण सोव्हिएत बनावटीचा टी-५५ आणि सेंच्युरियनला एकाच मापात मोजतात. टी-५५ डिझेलवर चालतो. डिझेल लवकर उडून जात नाही, धूळ धरून काळा तेलकट डाग होतो, आणि त्याचा एक्झॉस्ट डाव्या मागच्या फेंडरवर असल्यानं काजळी त्या एकाच बाजूला येते. सेंच्युरियनचं मिटिऑर इंजिन पेट्रोलवर चालतं. सांडलेलं पेट्रोल काही मिनिटांत उडून जातं. त्याजागी धूळ धुतली गेलेला, कडेला किंचित गडद असा भाग उरतो. म्हणून इंधनाच्या झाकणाभोवती टर्पेंटाईननं थोडी धूळ धुवून घ्या आणि कडेला रॉ अंबरचा पुसट वळ सोडा, बस्स. चकाकणारा काळा डाग नको. इंजिन ऑईलचा डाग मात्र असू शकतो, तो इंजिनाच्या झाकणांच्या बिजागरीजवळ: बर्न्ट अंबर आणि ग्लॉस वार्निश एकास एक, टूथपिकनं दोन-तीन थेंब. एका थेंबाशेजारी दुसरा, जास्त पातळ केलेला, म्हणजे जुना आणि नवा डाग दोन्ही दिसतात.

झाल्यावर

ऑईल कलरचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चुरगळलेल्या चिंधीत ती उष्णता अडकून पेट घेऊ शकते. चिंध्या पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात टाका. टर्पेंटाईन आणि बल्बचं खोकं एकाच टेबलावर नको.

मॉडेल आठवडाभर उघड्यावर सुकू द्या, मग काचेच्या कपाटात. ओलावा आत राहिला आणि कपाट बंद झालं की जुलैत चिखलावर पांढरी बुरशी येते. माती न परतता वापरली असेल तर हमखास. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करून घ्या. बुरशी आलीच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशनं टेकवा, सुकू द्या, आणि त्या जागी कोरड्या मातीची पूड पुन्हा लावा.

कपाटात बसणारी खरी धूळ कापडानं पुसू नका, तुमचीच धूळ निघून येईल. कॅमेऱ्याच्या लेन्सला वापरतात त्या रबरी फुंकणीनं उडवा. आणि रणगाडा उचलायचा तो पोटाखालून, ट्रॅकला किंवा पत्र्यांना धरून नाही. सगळ्यात सोपं म्हणजे सुरुवातीलाच पोटाला दोन नट आतून चिकटवून तो लाकडी फळीला स्क्रूनं बसवायचा. मग रंगवताना, दाखवताना आणि ठेवताना हात फक्त फळीलाच लागतो.